फळा बदलला, शिक्षकाच्या सिद्धतेचे काय?

(शिक्षक, पालक आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्या संयुक्त मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'सार्वजनिक शाळा, तंत्रज्ञान आणि समाजाचे दायित्व' हा विषय आज माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. शाळा आणि तंत्रज्ञान यांवर सध्या पुष्कळ बोलले जाते. समाजाच्या दायित्वाविषयी मात्र आपण एखादा संच भेट देऊन, फलक लावून मोकळे होतो. म्हणून माझा भर या तिसऱ्या भागावर राहील.

या सभागृहात पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचे प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत झाले असेल. आपली मुले आणि नातवंडे मात्र आज तेथे नाहीत. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. पण याचा एक परिणाम असा झाला की, त्या शाळेचे बरे-वाईट आपल्या घरापर्यंत पोहोचेनासे झाले. शाळेत उरली ती प्रामुख्याने शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची, पाड्यावरच्या कुटुंबाची मुले. शिकवणी लावण्याची ऐपत या घरांमध्ये नसते आणि शाळेत जे राहिले ते घरी भरून काढणारेही कोणी नसते. त्यांच्यासाठी ती शाळा हाच एकमेव दरवाजा आहे. त्या वर्गात होणारा प्रत्येक प्रयोग म्हणूनच गांभीर्याने झाला पाहिजे. तो फसला, तर त्याची किंमत मोजणारे मूल आपल्याला दिसतही नाही.

पन्नास वर्षांचा धडा

शाळेत तंत्रज्ञान आणण्याचा विचार काही काल-परवाचा नाही. विक्रम साराभाई यांनी उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापर्यंत शिक्षण पोहोचवण्याचे स्वप्न पाहिले. ते साकार झाले ते त्यांच्या निधनानंतर. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांमध्ये दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून उतरले. 'साईट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगाचा एक भाग फारसा कोणाला आठवत नाही. त्याच काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना याच माध्यमातून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले होते. पडदा मुलांसाठी होता, तसाच तो गुरुजींसाठीही होता. देशातील पहिल्याच मोठ्या प्रयोगात ही दृष्टी होती, हे आवर्जून लक्षात ठेवले पाहिजे.

पुढच्या काळात ही दृष्टी टिकली का? १९८४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प आला. त्यातील संगणक ब्रिटनमधून आलेले होते आणि सुरुवातीचे पाठ्यसाहित्यही बहुतांशी तिकडचेच, इंग्रजीतले होते. त्याच वर्षी पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ती हक्काची संस्था होती. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात गेला. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी अॅट स्कूल' योजना आली. म्हणजे दूरचित्रवाणी, संगणक, उपग्रह आणि संगणक कक्ष यांपैकी काहीही आपल्याला नवे नाही.

मग अडले कोठे? आपण वस्तू उभारली, पण तिच्यामागे सातत्याने उभे राहिलो नाही. 'एज्युसॅट'चे कार्य २०१० मध्ये संपले. 'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत कोरोनाची साथ आली आणि मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, त्या घरातील मुलासाठी पुन्हा दूरचित्रवाणीचीच आठवण झाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका सुरू झाली आणि घरातल्याच वस्तू हाताशी घेऊन शिकण्याचा मार्ग तिने मुलांना दाखवला. ते काम स्तुत्य होते. पण ज्या राज्याने तीन दशके अशी स्वतंत्र संस्था चालवली, त्याला संकटाच्या वेळी नव्याने जुळवाजुळव करावी लागली, यातून बोध घ्यायला हवा.

यंत्र दिले, शिक्षण झाले नाही

कोणी म्हणेल, अपुरी साधने दिली म्हणून असे झाले. प्रत्येक मुलाला एक संगणक दिला असता, तर चित्र वेगळे दिसले असते. हा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या कल्पनेनुसार आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या हाती संगणक आले आणि त्यांचा वापरही वाढला. परंतु भाषा आणि गणित या विषयांत प्रगती झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. वर्गातील शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली, हे त्याचे एक मोठे कारण होते.

आता आपल्याकडे पाहू. २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील सरकारी आणि खाजगी मिळून ६४.७ टक्के शाळांमध्ये संगणक आहेत आणि ६३.५ टक्के शाळांमध्ये इंटरनेट आहे. ग्रामीण भारताचा २०२४ चा 'असर' अहवाल सांगतो की, १४ ते १६ वर्षे वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी त्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी काही उपयोग केला होता. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले होती ७६ टक्के. त्याच अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आहेत. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा झाली आहे, तिचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. तरीही चारांतील तीन मुले अजून मागे आहेत.

हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. उपकरण झपाट्याने पोहोचले, वाचन मात्र त्या वेगाने पोहोचले नाही. उपकरण आणि वाचन यांमध्ये जो दुवा आहे, त्याचे नाव शिक्षक.

परितेवाडीत आधी काय घडले?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा आपणा सर्वांची मान उंचावली. वृत्तपत्रांनी त्यांच्या क्यूआर कोडचे भरभरून वर्णन केले. पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी खुणेवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, ही कल्पना पुढे राज्याने आणि देशानेही स्वीकारली.

पण क्यूआर कोडच्या आधी काय घडले होते? २००९ मध्ये ते तेथे गेले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती, एका बाजूला गुरांचा गोठा होता. मुलांची घरची भाषा कानडी आणि पुस्तके दुसऱ्या भाषेतली. शिक्षकाने आधी मुलांची भाषा आत्मसात केली, पाठ त्यांच्या भाषेत नेले आणि मग त्या पाठांना तंत्रज्ञानाची जोड दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूल, मग भाषा, मग पाठ आणि शेवटी यंत्र. आपण जेव्हा शाळेला संच देतो, तेव्हा नेमके शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

सिद्धता म्हणजे नेमके काय?

'शिक्षकाची सिद्धता' हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात ती अगदी साध्या गोष्टींत दिसते. चंद्राच्या कलांची चित्रफीत सलग आठ मिनिटे दाखवली, तर मुले शांत बसतात आणि शिक्षकाला वाटते, पाठ झाला. सिद्ध शिक्षक ती दुसऱ्या मिनिटाला थांबवतो आणि विचारतो, "आज रात्री चंद्र कोठे दिसेल? उद्या तो वाढेल की कमी होईल?" मुले वहीत उत्तर लिहितात, रात्री अंगणात उभे राहून पडताळून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेली चित्रफीत पाहतात. चित्रफीत तीच असते. एका वर्गात करमणूक होते आणि दुसऱ्यात विज्ञान घडते.

दुसरे उदाहरण घ्या. पहिलीच्या मुलाचे वाचन दर महिन्याला शिक्षकाने आपल्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर जून आणि नोव्हेंबर यांतला फरक त्या मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकता येतो. निरक्षर आईलाही तो ऐकू येतो. यासाठी ना डिजिटल फळा लागतो, ना इंटरनेट. मात्र मुलांचे आवाज आणि छायाचित्रे गावभरच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकायची नाहीत, हे पथ्य पाळावे लागते. तेही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

तिसरे उदाहरण द्विशिक्षकी शाळेचे. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता अशा शाळा आपल्या डोंगराळ भागात गावोगावी आहेत. तेथे एक गट टॅबवर सराव करीत असताना शिक्षक दुसऱ्या गटाला हातचा शिकवू शकतो. तंत्रज्ञानाची खरी निकड शहरातल्या सुसज्ज शाळेपेक्षा येथे आहे. पण कोणत्या गटाला कोणता सराव किती वेळ द्यायचा, हे नियोजन यंत्र करीत नाही. ते त्या मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकालाच करावे लागते.

'शाळेत यंत्रे नकोतच, आमच्या वेळी काय होते?' असे म्हणणाऱ्यांशीही मी म्हणूनच सहमत नाही. आपल्या घरातल्या मुलाच्या हाती सर्व साधने द्यायची आणि पाड्यावरच्या मुलाला पाटी-पेन्सिलीचे माहात्म्य सांगायचे, हा न्याय नव्हे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी आहे. तिसरीपासून तिची ओळख करून देण्याचा मनोदय केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. जो शिक्षक या साधनाला प्रश्न विचारून त्याचे उत्तर तपासून पाहू शकतो, तोच मुलांना त्यावर आंधळा विश्वास न ठेवण्यास शिकवील.

आड आणि पोहरा

मग प्रशिक्षण होत नाही का? होते. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हा कार्यक्रम सुरू झाला आणि देशातील सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचे लक्ष्य त्याने ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. दिशा योग्यच आहे. प्रश्न आहे तो हे ५० तास कसे जातात याचा.

आपल्याकडील प्रशिक्षणाची रूढ पद्धत सर्व शिक्षकांना ठाऊक आहे. राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचते ती घडीपुस्तिका, स्वाक्षरीचा कागद आणि चहा. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे परिस्थिती अधिक विचित्र आहे. आडात पाणी आहे. पण पोहरा वर येईपर्यंत रिकामा होतो!

यावर उपायही आपल्याच भूमीत सापडला होता. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील प्राथमिक शाळांनी मुलांच्या कृतीवर आधारलेली अध्यापनपद्धती वर्गात उतरवली. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, शब्दपट्ट्या अशी बिनखर्चाची साधने होती. राज्यभरातून शिक्षक तेथे गेले, वर्गात बसले, मुलांशी बोलले आणि परत येऊन आपला वर्ग बदलू लागले. शिक्षक शिक्षकाकडून शिकला, तोही चालू वर्गात. असे शिकलेले सांडत नाही.

दूरचे उदाहरण केरळचे आहे. २००१ मध्ये तेथे 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. विचारांचे अंतर कितीही असो, चांगले जेथे दिसेल तेथून ते घेण्यात कमीपणा नाही. त्यांनी शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले, मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली आणि मल्याळममधून काम करता येईल अशी व्यवस्था केली. शिक्षक केवळ वापरणारा राहिला नाही. त्याला ते साधन उघडून दुरुस्त करण्याचा आत्मविश्वास आला. मातृभाषेचा आग्रह आणि आधुनिक साधन यांत विरोध नसतो, हेही त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा तर याहून जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खेडोपाडी शाळा काढण्याचा संकल्प केला, तेव्हा १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय उभारले. त्या शाळांत शिकवणारे हात त्यांनी आधी घडवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शंख-शिंपले, बिया, पाने यांतून शैक्षणिक साधने केली आणि त्यांबरोबर शिक्षिकाही घडवल्या. साधन शिंपल्याचे असो की काचेच्या पडद्याचे, ते कोणाच्या हातात आहे यावर त्याचे मोल ठरते.

आपण काय करायचे?

शासनाने काय करावे, याची यादी करणे सोपे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तरीही माहिती भरण्याच्या 'लिंक' आणि छायाचित्रे चढवण्याचे तगादे यांत शिक्षकाचा दिवस जातो. ज्या मोबाईलने त्याचे ओझे हलके करायचे, तोच ओझे झाला आहे. हे थांबले पाहिजे, असा आग्रह आपण लोकप्रतिनिधींकडे धरलाच पाहिजे. परंतु आज मला आपल्या हातातील गोष्टींविषयी बोलायचे आहे.

पहिली गोष्ट, विचारल्याशिवाय काही देऊ नये. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी बसून आधी गरज समजून घ्यावी. कदाचित त्यांना प्रक्षेपक नको असेल, वीजजोडणी आणि थकलेल्या बिलाचा प्रश्न सुटायला हवा असेल. घरातील निकामी संगणक शाळेला देणे याला दान म्हणत नाहीत. ते अडगळीचे स्थलांतर होय.

दुसरी गोष्ट, जेवढे यंत्राला द्यायचे, तेवढेच त्याच्या सांभाळासाठी बाजूला काढावे. बॅटरी जाते, उंदीर वायर कुरतडतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते. किमान तीन वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घेता येत नसेल, तर लहान वस्तू द्यावी, पण ती चालती ठेवावी.

तिसरी गोष्ट, आपले कौशल्य द्यावे. आपल्यात संगणक अभियंते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, उत्तम मराठी उच्चार असलेल्या गृहिणी आहेत. अभियंत्याने महिन्यातून एक दिवस एका केंद्रातील शाळांची यंत्रे तपासून द्यावीत आणि शिक्षकांना किरकोळ दुरुस्ती शिकवावी. एखाद्या भगिनीने पाठ्यपुस्तकाबाहेरच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून द्याव्यात. भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी गावातल्याच आजीच्या गोष्टी त्यांच्या बोलीत टिपून घेण्यास तरुण कार्यकर्त्यांनी शिक्षकांना मदत करावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांच्या परवानगीने जावे, मागच्या बाकावर बसावे आणि आधी ऐकावे. उपदेश करणारे शिक्षकांना पुष्कळ भेटतात. सोबत करणारे विरळा.

चौथी गोष्ट, शिक्षकाचा मान राखावा. एका शिक्षकाची चूक वर्तमानपत्रात आली की, आपण सर्वांना त्याच तराजूत तोलतो. ज्या गावात गुरुजींविषयी आदराने बोलले जाते, तेथे मूलही गुरुजींचे ऐकते. हे कोणत्याही प्रणालीत भरता येत नाही. ते घराघरांतून येते.

मित्रहो, राष्ट्र उभे करायचे म्हणजे काय, याची चर्चा आपण वारंवार करतो. तिसरीतील जे मूल दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाही, त्याला वर्षाअखेर ते वाचता येणे, हे त्या कार्याचे अगदी साधे मोजमाप आहे. ते मूल आपल्या घरचे नसेल. पण ते आपल्या समाजाचे आहे. येथून जाताना आपल्या गावातील किंवा वस्तीतील सर्वांत जवळची सरकारी शाळा कोणती, हे प्रत्येकाने मनाशी ठरवावे आणि या महिन्यात एकदा तेथे जावे. जाताना हातात पेटी नसली तरी चालेल. तेथील शिक्षकांना एवढेच विचारावे, "गुरुजी, आपल्याला कशात मदत हवी आहे?" आणि उत्तर ऐकल्यावर निदान तीन वर्षे मागे हटू नये.